मर्यादेचे मोल कोणी भरावे?

शेताला कुंपण असावे किंवा नसावे, हा प्रश्न कोणताही शेतकरी विचारीत नाही. उभ्या पिकात गुरे शिरली तर एका रात्रीत वर्षाची मेहनत नाहीशी होते, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. म्हणून तो बाभळीच्या काट्या तोडून आणतो, हातापायाला ओरखडे सोसतो आणि शेत बंदिस्त करतो. परंतु ते कुंपण त्याने आपल्या बांधाच्या आत घातले की शेजाऱ्याच्या पाऊलवाटेवर घातले, हा प्रश्न मात्र गावात अवश्य विचारला जातो. पहिल्या प्रकारात त्याची स्वतःची हातभर जमीन जाते. दुसऱ्या प्रकारात शेजारणीला डोईवर हंडा घेऊन अर्ध्या कोसाचा वळसा पडतो. पिकाचे रक्षण दोन्ही कुंपणे सारखेच करतात. तथापि त्यांतील एक न्यायाचे आहे व दुसरे अन्यायाचे.

नीतीच्या रक्षणासाठी मनुष्य आपल्या आचरणाभोवती जे नियम घालून घेतो, त्यांचीही परीक्षा ह्याच रीतीने व्हावी, असे आम्हांस वाटते. नियम कडक आहे की सैल, जुना आहे की नवा, हे पाहण्याआधी त्याचे मोल कोण भरतो हे पाहावे. ह्या विचारास निमित्त झाले ते एका अमेरिकन चित्रपटाचे. चित्रपट पाहणे ख्रिस्ती मनुष्यास योग्य की अयोग्य, ह्याविषयी आपल्या मंडळ्यांतून पूर्वी पुष्कळ वाद होत असे. आता ज्याच्या हाती मोबाईल आहे, त्याच्या हाती चित्रपटगृहच आहे. तेव्हा पाहावे की न पाहावे ह्यापेक्षा, पाहिल्यावर त्याचे काय करावे, हा प्रश्न अधिक उपयोगाचा झाला आहे.

चित्रपटाचे नाव ‘ओल्ड फॅशन्ड’, म्हणजे जुन्या वळणाचा. रिक स्वार्ट्झवेल्डर ह्या गृहस्थाने तो लिहिला, त्यानेच त्याचे दिग्दर्शन केले व मुख्य पात्राचे कामही त्यानेच केले. मोठ्या चित्रसंस्थेचे पाठबळ त्यास नव्हते आणि भांडवलही बेताचेच होते. सन २०१५ च्या फेब्रुवारी महिन्यात, प्रेमीजनांचा दिवस म्हणून तिकडे जो सण पाळतात त्या सुमारास, तो लोकांपुढे आला. त्याच आठवड्यात ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ नावाचा दुसरा चित्रपट अमेरिकेतील ३,६०० हून अधिक चित्रगृहांत लागला. स्त्रीवर सत्ता गाजविणे व तिला वेदना देणे ह्यांस त्यात प्रणयाचा साज चढविलेला होता. त्यास उत्तर म्हणून हा लहान चित्रपट मुद्दाम त्याच दिवसांत सुमारे २०० चित्रगृहांत आणला गेला. प्रेमात संयम असू शकतो, इतकेच त्यास सांगावयाचे होते.

कथा अशी आहे. ओहायो प्रांतातील एका लहानशा गावात क्ले वॉल्श नावाचा पुरुष जुन्या वस्तूंचे दुकान चालवितो. मोडक्या खुर्च्या, जुनी कपाटे दुरुस्त करून विकावी, हा त्याचा उद्योग. महाविद्यालयात असताना तो स्वैर वागला. तरुण मुलींची बेअब्रू करणाऱ्या चित्रफिती काढण्याच्या धंद्यातही तो होता. पुढे त्याचे मन पालटले, तो देवाकडे वळला, आणि त्याने स्वतःस एक नियम घालून घेतला : जी आपली पत्नी नाही अशा कोणत्याही स्त्रीबरोबर एकांतात राहावयाचे नाही. दुकानाच्या माडीवरील खोली भाड्याने घेण्यास अँबर नावाची एक तरुणी येते. तिच्या मनाला जुन्या जखमा आहेत. बरणीत पैसे साठवावे, ते पुरेसे झाले की मोटारीत पेट्रोल भरावे, आणि ते जेथे संपेल तेथे बिऱ्हाड करावे, अशी तिची रीत. ह्या दोघांचे मन एकमेकांकडे ओढ घेते. क्लेची अट अशी की ओळख वाढवावयाची ती जुन्या वळणाने. म्हणून विवाहेच्छू जोडप्यांकरिता पाळक जे प्रश्नांचे पुस्तक देतात ते मिळवून, त्यातील प्रश्न ही दोघे एकमेकांस विचारू लागतात.

ह्या चित्रपटात एक प्रसंग आहे. अँबरच्या खोलीतील चूल नादुरुस्त होते. घरमालक ह्या नात्याने ती दुरुस्त करणे क्लेचे काम आहे. परंतु नियमाप्रमाणे त्यास तिच्याबरोबर खोलीत थांबता येत नाही. तेव्हा तो आत जाऊन चूल दुरुस्त करतो, आणि अँबर अंगाभोवती कांबळे गुंडाळून बाहेर थंडीत उभी राहते. पाहणाऱ्यास हसू येईल असाच हा प्रसंग आहे. पण हसून झाल्यावर क्षणभर थांबून विचारावे : नियम कोणाचा? क्लेचा. मोह कोणास पडेल ही भीती? क्लेस. पूर्वायुष्यात पाप कोणी केले? क्लेने. मग थंडीत कोण उभे आहे?

ह्यावरून तो नियमच मूर्खपणाचा, असे मात्र कोणी म्हणू नये. आपल्या दुर्बलतेची ओळख असणे हे शहाणपणाचे लक्षण आहे. प्रभूकडे वळलेला एखादा बंधू, जो पूर्वी मद्यात बुडालेला होता, तो गुत्त्याच्या गल्लीने न जाता लांबच्या वाटेने घरी जातो. त्यास भित्रा म्हणणारा मनुष्य स्वतः कधी त्या मोहाशी झुंजलेला नसतो. सुवार्तिकांच्या इतिहासातही अशा कुंपणाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. सन १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉडेस्टो ह्या गावी बिली ग्रॅहॅम व त्यांचे तीन सहकारी एकत्र बसले आणि फिरत्या उपदेशकांची साक्ष कोणत्या दोषांमुळे बुडते, ह्याचा त्यांनी विचार केला. पैशाचा गोंधळ, व्यभिचार, स्थानिक मंडळ्यांची निंदा आणि आपल्या यशाचे फुगविलेले आकडे, असे चार दोष त्यांस आढळले. त्यांपैकी दुसऱ्या दोषापासून राखण व्हावी म्हणून, पत्नीखेरीज अन्य स्त्रीबरोबर एकट्याने प्रवास करावयाचा नाही, भेटावयाचे नाही व जेवावयाचे नाही, असा निश्चय ग्रॅहॅम ह्यांनी केला. पुढे सुमारे अर्धशतक ते जगभर उपदेश करीत हिंडले, आणि अनेक नामांकित उपदेशक ज्या कलंकाने पडले तो कलंक त्यांस लागला नाही. तेव्हा कुंपणाचा उपयोग नाही, असे म्हणता येत नाही.

परंतु ह्याच नियमाची दुसरी बाजूही पुढे दिसून आली. अमेरिकेतील राजकारणी माइक पेन्स ह्यांनी सन २००२ मध्ये आपण पत्नीखेरीज अन्य स्त्रीबरोबर एकटे जेवत नाही असे सांगितले होते. सन २०१७ मध्ये ते त्या देशाचे उपाध्यक्ष असताना हे पुन्हा पुढे आले व मोठा वाद झाला. कित्येकांनी त्यांच्या पत्नीनिष्ठेची वाखाणणी केली. इतरांनी मात्र विचारले की, जेथे वरिष्ठ अधिकारी पुरुष आहे आणि महत्त्वाची कामे जेवणाच्या मेजावर बोलली जातात, तेथे हाताखालच्या पुरुषास जी संधी मिळते ती स्त्रीला कशी मिळावी? अधिकाऱ्याने कोणाबरोबरच एकट्याने जेवू नये, म्हणजे नियमाचा भार त्याच्यावर राहील. पण पुरुषाबरोबर जेवावे आणि स्त्रीबरोबर जेवू नये, तर त्याच्या शीलरक्षणाचा खर्च तिच्या पोटातून निघतो. ह्या आक्षेपास उत्तर देणे सोपे नाही.

आता शास्त्राकडे वळू. कुंपण घालण्याची कल्पना नवी नाही; नियमशास्त्र मोडले जाऊ नये म्हणून त्याच्याभोवती आणखी एक कुंपण घालावे, असा उपदेश यहुदी गुरूंच्या परंपरेत फार प्राचीन काळापासून आहे. प्रभूने सर्वच कुंपणांचा धिक्कार केला नाही. पण मार्काच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’ ह्या चालीविषयी त्याने जे म्हटले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपली मिळकत देवाला वाहिली असे पुत्राने म्हणावे, आणि त्या पुण्याईच्या आड म्हाताऱ्या आईबापांस उपाशी ठेवावे! नियमाचे बाह्यरूप भक्तीचे होते; त्याचे मोल मात्र आईबापांनी भरले. म्हणूनच प्रभूचा शब्द तेथे इतका कठोर झाला.

ह्याच्या उलट योसेफाचे पाहा. पोटीफराच्या घरी दुसरे कोणी नसताना त्याच्या पत्नीने त्यास धरले, तेव्हा तो वस्त्र तिच्या हाती टाकून पळून गेला. त्याने एकांत टाळला, हे खरे; पण त्यामुळे वस्त्र गेले ते त्याचे, चाकरी गेली ती त्याची, आणि बंदिवास आला तोही त्याच्याच वाट्याला. आपल्या शुद्धतेचे देणे त्याने आपल्याच पदरातून फेडले.

बवाजाची गोष्ट तर आपल्या गावकऱ्यांस विशेष समजेल, कारण ती खळ्यावरची आहे. सुगीचे दिवस, राशीपाशी निजलेला धनी, आणि रात्री त्याच्या पायांपाशी येऊन निजलेली परक्या देशातील एक विधवा. क्लेचा नियम येथे लावला असता तर काय झाले असते? रूथेला त्याच क्षणी काळोखात बाहेर घालवावे लागले असते. बवाजाने तसे केले नाही. त्याने तिच्या असहायपणाचा लाभ घेतला नाही, आणि तिला रात्रीच्या वाटेवरही लोटले नाही. उजाडण्यापूर्वी, माणूस माणसास ओळखण्याआधी, तिला सहा मापे सातू देऊन परत पाठविले, आणि ती खळ्यावर आली होती हे कोणास कळू नये ही काळजी त्याने घेतली. स्वतःच्या नावाबरोबर तिच्या नावाचीही चिंता त्यास होती. मग दिवस उगवताच तो वेशीत गेला, दहा वडील माणसे बसविली, आणि सगळ्यांच्या देखत तो व्यवहार पुरा केला. त्याच प्रसंगी दुसरा एक जवळचा आप्त होता, ज्याचा हक्क पहिला होता. आपल्या वतनाची हानी होईल म्हणून त्याने अंग काढून घेतले. त्याने स्वतःस उत्तम प्रकारे सांभाळले. परंतु त्याचे नाव काय होते, हे शास्त्राने नोंदविलेही नाही.

शेवटी याकोबाची विहीर. शिष्य अन्न विकत आणावयास गावात गेले असता प्रभू एका शोमरोनी स्त्रीबरोबर एकटाच बोलत बसला. शिष्य परत आले तेव्हा तो स्त्रीबरोबर बोलतो ह्याचे त्यांस आश्चर्य वाटले, असे योहान नमूद करतो. ती स्त्री कोणत्या लौकिकाची होती, हेही प्रभूस ठाऊक होते. तिला तेथेच थांबवून साक्षीदार येईपर्यंत तो गप्प राहिला असता, तर त्याच्या नावाला बाध आला नसता; पण ती घागर भरून निघून गेली असती, आणि सूखार गावास सुवार्ता मिळाली नसती. त्याने आपल्या नावाची जोखीम पत्करली. तथापि ते बोलणे भर दुपारी, उघड्या रानात, गावच्या विहिरीवर झाले, हेही विसरू नये. जेथे कोणीही येऊ शकेल अशा जागी तो बोलला. मर्यादा तेथे होती. मात्र तिचे मोल त्या स्त्रीवर पडले नाही.

आता पुन्हा क्लेकडे पाहू, म्हणजे त्याचे खरे दुखणे ध्यानात येईल. अँबरला तो वाईट वागविणार होता, अशी चिन्हे कथेत कोठे नाहीत. त्यास भीती आहे ती स्वतःच्या गतकालाची. देवाने क्षमा केली असे तो मानतो. पण क्षमा झालेल्या मनुष्याप्रमाणे जगण्याचे धैर्य त्यास होत नाही. म्हणून नियमाचे कुंपण हळूहळू उंच होत जाते व त्याची भिंत बनते. आरंभी ती भिंत पाप बाहेर ठेवण्यासाठी होती. पुढे ती माणसे बाहेर ठेवू लागली. त्याच्या घराण्यातील वृद्ध झेला ही त्यास ह्याविषयी खडसावते, आणि ते योग्यच करते. पापाविषयीचा पश्चात्ताप आणि स्वतःविषयीची सततची धास्ती ह्या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात. पश्चात्तापाने मनुष्य शेजाऱ्याच्या जवळ येतो. धास्तीने तो आपल्याच भोवती फिरत राहतो.

ह्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्या मुलींची क्लेने पूर्वी बेअब्रू केली, त्यांस ह्या नियमाने काय मिळाले? काहीच नाही. जक्कयाचे मन पालटले तेव्हा ज्याचे अन्यायाने घेतले होते त्यास चौपट परत देण्याची भाषा त्याच्या तोंडी आली. आपण ह्यापुढे जकातनाक्यावर बसणार नाही, एवढ्यावरच तो थांबला नाही. पुढील पाप टाळणे हे सोपे अंग आहे. मागील देणे फेडणे हे कठीण अंग आहे. पुष्कळदा मनुष्य पहिले अंग इतक्या काटेकोरपणे सांभाळतो की दुसऱ्याची आठवण कोणी त्यास करून देऊ नये.

येथे कोणी उपदेशक म्हणेल, “हे सर्व खरे, पण गावात आमच्या नावाचे काय? एकदा कुजबुज सुरू झाली की दहा वर्षांचे काम एका दिवसात बुडते.” ही भीती खोटी नाही. लहान गावात भिंतींस कान असतात आणि पाणवठ्यास जिभा असतात. शिवाय कुजबुजीचा घाव पुरुषापेक्षा स्त्रीच्याच वर्मी अधिक बसतो. तेव्हा मर्यादा पाळणे हे तिच्यावरील उपकारही ठरू शकते. म्हणून मर्यादा टाकून द्या, असे आमचे सांगणे नाही. तिचे ओझे आपल्या खांद्यावर घ्या, असे आहे.

हे कसे करावे, ते एका नित्याच्या प्रसंगावरून पाहू. मंडळीत एखादी एकटी विधवा आजारी आहे. तिच्या घरी पुरुषमाणूस नाही, म्हणून उपदेशक प्रार्थनेस जात नाही. ज्या घरी चार कर्ते पुरुष आहेत तेथे मात्र आठवड्यातून दोनदा जातो. त्याचे नाव निर्मळ राहते, पण ती बाई प्रार्थनेवाचून राहते. हे कुंपण शेजारणीच्या पाऊलवाटेवर घातलेले कुंपण होय. त्याच उपदेशकाने आपल्या पत्नीस बरोबर घ्यावे. तिला सवड नसेल तर मंडळीतील एखाद्या वडील बाईच्या घरी जाऊन तिला विनंती करावी. तीही न मिळेल तर दार सताड उघडे ठेवून, आजारीण आत अंथरुणावर असू द्यावी आणि आपण ओसरीवर उन्हात बसून शास्त्र वाचावे. ह्यात मर्यादा तितकीच राहिली. फरक एवढाच की ऊन ज्याचा नियम त्यास लागले. क्लेनेही चूल दुरुस्त करण्यास दुसऱ्या कोणास धाडले असते, किंवा एखाद्या शेजारणीस बोलावून घेतले असते, तर अँबरला कांबळे गुंडाळावे लागले नसते.

हीच कसोटी तरुण मुलामुलींच्या विवाहाच्या बाबतीत आईबापांनीही लावून पाहावी. सोयरीक ठरविताना मुलीने मुलाशी चार शब्दही बोलू नयेत, असा नियम कित्येक घरी अद्याप आहे. घराची अब्रू राखण्याकरिता तो असेल; पण मनुष्य व्यसनी निघाला तर जन्मभर भोगणार कोण? मुलगी. ह्या कामी क्ले व अँबर ह्यांची रीत आम्हांस अनुकरणीय वाटते. पाळकाच्या पुस्तकातून दोघांनी एकमेकांस सरळ प्रश्न विचारावे : कर्जाविषयी, रागाविषयी, देवभक्तीविषयी, मुलांविषयी. आपल्या घरी ते ओसरीवर, वडील माणसांच्या नजरेच्या टप्प्यात व्हावे. परंतु कानाच्या टप्प्यात नको. म्हणजे अब्रूही राहील आणि सत्यही बोलले जाईल.

चित्रपट म्हणून ह्या कृतीत उणिवा पुष्कळ आहेत. ती संथ आहे, काही ठिकाणी पात्रे एकमेकांशी न बोलता आपल्यास व्याख्यान देतात असे भासते, आणि तिकडील समीक्षकांपैकी कित्येकांस ती रुचली नाही. हेतू चांगला म्हणून काम चांगले, असे आपण समजू नये. सुताराने प्रार्थना करून केलेले पाटही डगमगत असेल तर तो डगमगतोच. तरी एक गोष्ट ह्या चित्रपटाच्या बाजूने सांगितली पाहिजे. आपल्या नायकाचा नियम त्याने निर्दोष म्हणून पुजला नाही. अँबरच्या व झेलाच्या तोंडून त्या नियमास प्रश्न विचारविले, आणि क्लेस तो बंदिस्तपणा सोडून पुढे यावयास लावून मग त्या दोघांची गाठ घातली. धार्मिक कथांत इतका प्रामाणिकपणा नेहमी आढळत नाही.

तेव्हा प्रत्येक वाचकाने आपापल्या नियमांची यादी एकदा मनाशी करावी. उपासाचे, भोजनाचे, कोणाच्या घरी जावे न जावे ह्याचे, कोणाशी बोलावे न बोलावे ह्याचे, असे जे जे नियम आपण देवाच्या नावाने पाळतो, त्या प्रत्येकाच्या पुढे एकच प्रश्न लिहावा : हा मी पाळतो तेव्हा थंडीत कोण उभे राहते? उत्तर ‘मी’ असे येईल तर तो नियम आनंदाने पाळावा व त्याचा गवगवा करू नये. उत्तर दुसऱ्या कोणाचे नाव असेल, तर नियम मोडण्याची घाई करू नये. पण उठून दार उघडावे, त्या मनुष्यास आत घ्यावे, आणि बाहेर आपण जाऊन उभे राहावे.